मदत हवी आहे : नियम बदलल्यावर माझ्या जगातील ड्वार्फांचे काय करावे?

दीपस्तंभ
रविवारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे कल्पित पात्रे घेऊन कथा रंगवण्याचा खेळ आहे, त्यामुळे उत्तर लवकर हवे आहे. आमच्या गटाने जुने नियम सोडून नवे घेण्याचे ठरवले आहे. मात्र माझ्या कॅम्पेनचा, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेचा, सारा डोलारा ड्वार्फांना (बुटक्या, कणखर लोकांना) जादू येत नाही या एका गोष्टीवर उभा आहे. त्यांचे राज्य मानवी जादूगारांच्या संघावर अवलंबून आहे आणि त्या संघाचे थकलेले देणे हेच तीन वर्षे चाललेल्या कथेचे मूळ आहे. आता एका खेळाडूला ड्वार्फ विझर्ड (जादूगार) हवा आहे आणि नवे नियम त्याला मुभा देतात. मी काय करावे?

नकाशाकार
जुने नियम कोणत्या आवृत्तीचे आणि नवे कोणत्या, हे आपण लिहिलेले नाही. जग आपले स्वतःचे आहे की प्रकाशित?

जुना फासा
जुनी आवृत्ती डंजन्स अँड ड्रॅगन्सची दुसरी किंवा त्याआधीची असणार, कारण ड्वार्फांवरील हे बंधन २००० साली तिसऱ्या आवृत्तीने उठवले. माझ्या मते जगावर सरळ एखादी मोठी आपत्ती आणावी. १९८९ साली दुसऱ्या आवृत्तीने मारेकरी हा पात्रांचा वर्ग वगळला, तेव्हा फरगॉटन रेल्म्स या खेळाच्या प्रकाशित जगात देव पृथ्वीवर उतरले आणि त्या धामधुमीत सारे मारेकरी मेल्याचे दाखवले गेले. नियमातील बदलाला जगात कारण मिळाले.

नकाशाकार
मी याच्याशी अजिबात सहमत नाही. २००८ साली चौथ्या आवृत्तीसाठी त्याच जगात जादूची देवता मिस्ट्रा मारली गेली, हलरुआ हा जादूगारांचा देश उद्ध्वस्त झाला आणि त्या जगाच्या कालगणनेतला काळ १३८५ वरून थेट १४७९ वर नेला गेला, त्यामुळे वर्षानुवर्षे जपलेली कितीतरी मानवी पात्रे कथेबाहेर गेली. पाचव्या आवृत्तीत मिस्ट्रा आणि हलरुआ दोघेही परत आणावे लागले. याउलट एबेरॉन या दुसऱ्या प्रकाशित जगात चौथ्या आवृत्तीतही कथेचे वर्ष ९९८ हेच राहिले. ड्वार्फ पूर्वीपासूनच जादू शिकू शकत होते असे मानावे आणि पुढे जावे.

एकवीस
आर्मर क्लास (पात्राला फटका लागणे किती कठीण, तो आकडा) बदलताना जुना आकडा २० मधून वजा करावा, म्हणजे थॅकोचा (फटका लागला का ते ठरवण्याच्या जुन्या आकड्याचा) त्रास उरत नाही.

दीपस्तंभ
मी आर्मर क्लासबद्दल विचारलेले नाही. आम्ही दुसऱ्या आवृत्तीतून पाचव्या आवृत्तीत जात आहोत आणि जग माझे स्वतःचे आहे. ‘पूर्वीपासूनच’ असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या आवृत्तीत ड्वार्फाच्या हाती जादूच्या अनेक वस्तू २० टक्के वेळा चालत नाहीत, आणि वेढ्याच्या प्रसंगी राजाची अंगठी ऐन वेळी निकामी झालेली सर्व खेळाडूंनी पाहिली आहे.

जुना फासा
मग उत्तर त्या अंगठीतच आहे, आणि माझी आपत्तीची सूचना मी मागे घेतो. दुसऱ्या आवृत्तीत ड्वार्फाचा पिंडच जादूला विरोध करणारा होता, म्हणून वस्तू निकामी होत आणि म्हणूनच मंत्रांविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (मंत्राचा परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या फाशात) त्याला सवलतही मिळे. पाचव्या आवृत्तीत विषाविरुद्धचे बळ राहिले, पण मंत्रांविरुद्धची ती सवलत गेली. म्हणजे नियमांनी ड्वार्फांना जादू दिली आणि तिच्या बदल्यात त्यांची ढाल काढून घेतली. फरगॉटन रेल्म्समध्ये १३०६ साली ड्वार्फांची जन्मसंख्या एकाएकी वाढली, तशी एक नवी पिढी आपल्याही जगात जन्मलेली असू द्या.

नकाशाकार
हे मला पटते, कारण झालेल्या कथेतील काहीही खोटे ठरत नाही.

दीपस्तंभ
म्हणजे वृद्ध राजावर संघाचे मंत्र अजूनही सहजासहजी चालणार नाहीत, पण त्याच्या नातवंडांवर चालतील, आणि देणे वसूल करणाऱ्या संघाला हे कळले तर तो नेमका कोणाला धरील, हे उघड आहे. वृद्ध ड्वार्फांसाठी २० टक्क्यांचा नियम मी तसाच ठेवीन. ही गेलेली ढाल खेळाडूला आधी सांगावी की खेळात कळू द्यावी?

जुना फासा
आधी सांगावी. त्याचे पात्र त्याच पिढीतले आहे आणि आपल्या आजोबांवर जे मंत्र चालले नाहीत ते आपल्यावर चालतात, हे त्या पात्राला लहानपणापासून ठाऊक असणार.