भविष्यात जाणे सिद्ध झाले आहे, मग भूतकाळाची वाट कोणी अडवली आहे?

वाळूचे_घड्याळ (प्रश्न)

नमस्कार. कालप्रवास हा विषय कथा-चित्रपटांनी इतका चघळला आहे की त्यात विज्ञान किती आणि करमणूक किती, हे हौशी वाचकाला वेगळे काढता येत नाही. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार भविष्यात जाता येते, असे ठामपणे लिहिलेले अनेकदा वाचले आहे. पण हे खरोखर कोणी मोजून पाहिले आहे की ते केवळ कागदावरचे गणित आहे? दुसरे असे की, भूतकाळात जाण्यावर निसर्गाचा एखादा नियमच बंदी घालतो, की आजोबांच्या खुनासारखे पेच (भूतकाळात जाऊन आजोबांनाच मारले, तर आपण जन्मलो कसे?) उभे राहतात म्हणून आपणच ते अशक्य ठरवून मोकळे होतो? आणि या चर्चेत ककुद्मी राजा व रेवती यांची पुराणकथा हमखास पुढे केली जाते, तिच्याकडे कसे पाहावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सिझियम_१३३

मोजले आहे, आणि तेही अनेकदा. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेली आणि रिचर्ड कीटिंग यांनी चार सिझियम अणुघड्याळे नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे फिरवून आणली. परतल्यावर ती अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेतील घड्याळांशी ताडून पाहिली, तेव्हा पूर्वेच्या फेरीत ती सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेच्या फेरीत सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते, आणि ज्याचे घड्याळ मंद तो इतरांच्या भविष्यात पोहोचतो. पृथ्वी स्वतःच पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेला जाणाऱ्या विमानाचा वेग तिच्या वेगात मिळवला जातो आणि पश्चिमेला जाणाऱ्याचा वजा होतो. उंचीमुळे घड्याळ जलद चालते, तो परिणाम मात्र दोन्ही फेऱ्यांत साधारण सारखाच असतो.

आता तर हा हिशेब आपल्या खिशातल्या फोनपर्यंत आला आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर तेथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती उड्डाणापूर्वीच घड्याळाची गती किंचित कमी ठेवून केली जाते. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दुरुस्ती हौसेची नाही हे कळते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. तेथे ठेवलेले घड्याळ अलिबागच्या किनाऱ्यावरील घड्याळापेक्षा वर्षाला साडेपाच मायक्रोसेकंदांहून थोडे अधिक पुढे जाईल. शिखरावर जन्म काढणाऱ्याच्या तुलनेत अलिबागकर भविष्यात सरकत असतो, फक्त त्याचा त्याला उपयोग शून्य!

मोठी उडी मारण्यात अडचण खर्चाची आहे, तत्त्वाची नाही. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने प्रवास केल्यास प्रवाशाच्या एका वर्षात पृथ्वीवर सात वर्षे लोटतात. पण अवघे एक किलो वस्तुमान त्या वेगाला नेण्यासाठी सुमारे १५,००० कोटी युनिट ऊर्जा लागते, जी साधारणपणे भारताच्या महिनाभराच्या वीजनिर्मितीइतकी भरते. माणूस, यान आणि परतीसाठी थांबून वळणे, हे सारे धरून काय होईल ते वाचकांनीच पाहावे.

पोथीवाचक

केवळ ककुद्मीपुरते लिहितो. भागवताच्या नवव्या स्कंधात हा राजा रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तेथे गायन चाललेले असल्याने क्षणभर थांबतो, आणि मग ब्रह्मदेव हसून सांगतात की तू मनात धरलेले वर तर सोडाच, त्यांच्या नातवंडांचीही नावे आता ऐकू येत नाहीत, कारण दरम्यान सत्तावीस चतुर्युगे उलटली आहेत. ठिकाणागणिक काळाची चाल वेगळी असू शकते, ही कल्पना करणाऱ्याची प्रतिभा मोठीच म्हणावी लागेल. मात्र कोणत्या कारणाने काळ किती मंदावला हे सांगणारे सूत्र कथेत नाही, आणि नसलेले सूत्र तिच्या तोंडी घालून तिला सापेक्षतेचा पुरावा ठरवणे मला पटत नाही. राजाला आपल्या काळात परत जाता येत नाही आणि रेवतीचा विवाह पुढच्या काळातल्या बलरामाशी होतो, हेही पाहण्यासारखे आहे.

उलटा_बाण

भूतकाळाविषयी लिहितो. बंदी घालणारा निश्चित नियम अद्याप सापडलेला नाही, हे आधी मान्य करायला हवे. उलट, आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांतून गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये अशा फिरत्या विश्वाचे उत्तर काढले, की त्यात प्रवासी सतत पुढे जात राहूनही स्वतःच्या भूतकाळात पोहोचतो. आपले विश्व तसे फिरत असल्याची खूण निरीक्षणांत मिळत नाही म्हणून ते उत्तर बाजूला पडले, गणित चुकले म्हणून नव्हे. पुढे १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की वर्महोलचे (अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्याचे) एक तोंड जागेवर ठेवून दुसरे प्रचंड वेगाने फिरवून आणले, तर दोन्ही तोंडांच्या काळात अंतर पडते आणि योग्य बाजूने आत शिरणारा आधीच्या वेळी बाहेर पडू शकतो. मात्र ते वर्महोल उघडे ठेवायला ऋण ऊर्जा (रिकाम्या पोकळीपेक्षाही कमी ऊर्जा) लागते, आणि माणूस जाईल एवढ्या प्रमाणात ती मिळवण्याचा मार्ग कोणालाही ठाऊक नाही.

या रचनेतला एक तपशील चर्चांमधून हटकून निसटतो. दोन तोंडांत काळाचे अंतर पडण्यापूर्वीच्या दिवसांत या मार्गाने जाताच येत नाही. यंत्र २१०० मध्ये तयार झाले, तर २१५० मधला माणूस फार तर २१०० पर्यंत मागे येईल. पानिपतावर सदाशिवरावभाऊंना सावध करायला तो १७६१ मध्ये पोहोचणार नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली, निमंत्रण ती उरकल्यावर जाहीर केले आणि कोणीही आले नाही. किस्सा झकास आहे, पण वरील मर्यादा लक्षात घेता पुरावा म्हणून लंगडा आहे. त्यांचे १९९२ चे प्रतिपादन अधिक वजनदार आहे. कालयंत्र घडण्याच्या बेतात असताना निर्वात पोकळीतील क्वांटम चढउतार (रिकाम्या जागेतही ऊर्जेत सतत होणारे सूक्ष्म बदल) त्याच मार्गाने फेऱ्या घालत वाढत जातील आणि यंत्र पुरे होण्याआधीच मोडेल, असे ते सांगतात. अर्थात गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण क्वांटम सिद्धान्त हाती येईपर्यंत हे अनुमानच राहणार.

वाळूचे_घड्याळ

सर्वांचे आभार. पण समजा यंत्र मोडले नाही, तर आजोबांच्या पेचाचे काय?

उलटा_बाण

आजोबांच्या जागी बिलियर्डचा चेंडू ठेवला की प्रश्न नेमका होतो. चेंडू वर्महोलमध्ये शिरतो, थोडा आधीच बाहेर पडतो आणि शिरू पाहणाऱ्या स्वतःलाच धडकून दूर ढकलतो. मग तो शिरला कसा, अशी अडचण भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ पोल्चिन्स्की यांनी मांडली होती. थॉर्न आणि दोन सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की सुरुवात तीच ठेवूनही सुसंगत उत्तर निघते. बाहेर आलेला चेंडू ओझरता धक्का देतो, त्यामुळे पहिला किंचित तिरका शिरतो, आणि तिरका शिरल्यामुळेच नंतरचा धक्का ओझरता बसतो. भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांचे स्वयंसुसंगतीचे तत्त्व हेच सांगते, की स्वतःलाच खोडणारी घटना घडूच शकत नाही. अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. अशी सुसंगत उत्तरे अगणित निघतात, म्हणजे आरंभीची स्थिती पूर्ण माहीत असूनही पुढे काय घडेल हे ठरत नाही. पेच सुटतो, पण भाकीत करण्याची सोय जाते, आणि माझ्या मते कालप्रवासाची खरी किंमत ही आहे.

दुसरी अडचण ज्ञानाची आहे. कालयंत्र तेव्हाही होते असे धरून, कोणी ‘लीलावती’ घेऊन ११५० पूर्वी भास्कराचार्यांकडे गेला, त्यांनी ती उतरवून घेतली आणि तीच नकलानकलांतून आपल्यापर्यंत आली, तर इतिहास तसूभरही बदलत नाही. फक्त त्यातली गणिते कोणीच सोडवलेली नसतात. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांना आजोबांच्या पेचापेक्षा हा प्रकार अधिक आक्षेपार्ह वाटतो, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे.

पोथीवाचक

नक्कल न करता त्यांनी नेलेली पोथीच जपून ठेवली आणि तीच आपल्या हाती आली, तर?

सिझियम_१३३

मग अडचण अधिक वाढते. पोथीच्या कडा झिजतात, शाई उडते, वाळवी लागते. पण फेरा सुसंगत राहण्यासाठी ती जशी बाराव्या शतकात पोहोचली, तंतोतंत तशीच इकडून निघायला हवी. म्हणजे साडेआठशेहून अधिक वर्षांची झीज वाटेत कोणीतरी अणूअणूने भरून काढायला हवी आणि त्यासाठीची ऊर्जा फेऱ्याच्या बाहेरून यायला हवी. नकलेत प्रत्येक वेळी कागद नवा असतो, त्यामुळे मजकूर अशा फेऱ्यात सहज बसतो. वस्तूला मात्र दुरुस्तीचा खर्च बाहेरच्या जगाकडून वसूल करावा लागतो.