खोताची वाडी: लोकांनी बघायला यावं की राहणाऱ्यांना निवांत राहू द्यावं?

गिरगावात_नवीन
आठ महिने झाले मला गिरगावातल्या खोताच्या वाडीत भाड्याने येऊन, त्याआधी सगळं आयुष्य ठाण्यात सातव्या मजल्यावर गेलं. चर्नी रोडला उतरून चालत आलं की हॉर्न, टॉवरची कामं, पार्किंगवरून भांडणं, आणि एकदा का गल्लीत वळलं की आवाज एकदम खालीच बसतो. लाकडी घरं, बाहेरून वर जाणारे जिने, कोरीव कठडे, उतरती कौलं, आणि आयडियल वेफर्सच्या दुकानातून तळणाचा वास. अठराव्या शतकाच्या शेवटी वामन हरी खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले प्लॉट ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या जुन्या कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि त्यातून वाडी झाली असं सांगतात. पूर्वी ६५ घरं होती, आता तिशीच्या आत आलीत.
माझं स्पष्ट मत आहे की मुंबईतल्या प्रत्येक मराठी माणसाने ही वाडी एकदा तरी पायी बघावी, शाळांनी पोरांना आणावं, हेरिटेज वॉक अजून वाढावेत. लोकांच्या मनात जागा असली की ती पाडणं अवघड जातं. आपल्याला इथल्या गल्ल्या माहीत नसतात आणि गोव्यात पणजीच्या फोंतेन्यासला जाऊन तिथल्या जुन्या घरांचे मात्र चारशे फोटो काढतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाडीतली_मुलगी
ताई, तुम्हाला वाडी आवडली याचा आनंदच आहे, पण माझा जन्म इथला आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. डिसेंबरात आम्ही घरावर स्टार लावतो, येशूजन्माचा गोठा करतो, तेव्हा रविवारी तीस-चाळीस माणसं येतात. आली तर येऊ देत. पण मागच्या वर्षी एक जोडपं फोटोग्राफर घेऊन थेट आमच्या जिन्यावर चढलं आणि खाली व्हरांड्यात लसूण सोलत बसलेल्या माझ्या आजीला तो मुलगा म्हणाला, "आजी, पाच मिनिटं आत बसता का, फ्रेममध्ये येताय." आजी ८४ वर्षांची आहे, लग्न करून याच घरात आली, आणि ती उठून आत गेली हो. ताट तसंच बाहेर राहिलं. मी कामावरून आले तेव्हा मला हे कळलं.
एप्रिल-मेमध्ये बॉटल मसाल्याच्या मिरच्या दारात चटईवर वाळत घालतो, मग सगळं भाजून कुटून बियरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरायचं, वर्षभराचा मसाला असतो तो. त्या चटईवर चपलांसकट पाय पडलेत लोकांचे, कारण लक्ष सगळं मोबाइलमध्ये. आणि मराठी माणसाने येऊन बघावं म्हणता तेव्हा थोडं टोचतं, आम्ही घरात मराठीच बोलतो, ईस्ट इंडियन हे नाव १८८७ साली घेतलं पण माणसं इथलीच, मुंबई-वसईची.

जुना_गिरगावकर
फोटोचं ठीक आहे, पण त्याहून मोठा प्रश्न पैशांचा आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. मी वाडीला लागूनच्या चाळीत वाढलो, वाडीत माझ्या मित्राचं घर आहे. दरवर्षी मेमध्ये कौलं शाकारायची, फुटलेली बदलायची, नाहीतर जूनमध्ये घरात बादल्या. दोन वर्षांपूर्वी एका वाशाला वाळवी लागली म्हणून काढायला घेतला तर शेजारचे दोन हातात भुगा होऊन आले. त्या जाडीचं सागवान आज घ्यायला जा आणि मग कळतं. सुतार मिळतो तो फर्निचरवाला, जुन्या लाकडाचे सांधे त्याला येत नाहीत. वरून भाऊबहिणींचे हिस्से, कोणी वसईला कोणी कॅनडात, सह्या जमता जमत नाहीत.
अशा माणसाला बिल्डरने पैसे आणि लिफ्टचं घर देऊ केलं तर तो लोभी आहे का? आमच्या चाळीत १८० फुटांच्या खोलीत सहा जणं राहिलो, संडास कॉमन, रात्री आईला जिन्यातला दिवा लावून जावं लागायचं. रिडेव्हलपमेंटला मी हो म्हटलं आणि परत म्हणेन. वारसा सगळ्यांचा आणि खर्च फक्त राहणाऱ्याचा, हे मला मान्य नाही.

लाकूड_आणि_चुना
आर्किटेक्ट आहे, जुन्या घरांचीच कामं करतो. दादांचं चाळीबद्दल पटतं, पण चाळ आणि वाडी एका मापाने मोजू नका. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या जुन्या चाळीत रिडेव्हलपमेंट झालं की भाडेकरूला किमान ३०० फुटांचं घर मिळतं, त्याचं आयुष्य खरंच बदलतं. वाडीत घरं दोन मजली, सुटी, बहुतेक घरमालक स्वतः राहणारे. तिथे एक टॉवर उभा राहिला की शेजारच्या चार घरांचा वारा आणि उजेड जातो, पाया खणताना जुन्या भिंती हलतात आणि मग तीही विकायला निघतात. एकाने विकलं की रांगच लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.
हेरिटेज यादीत नाव असलं तरी दुरुस्तीचे पैसे कोणी हातात आणून देत नाही, तिथे दादा शंभर टक्के बरोबर. टीडीआरची तरतूद आहे, म्हणजे जागेवर न वापरलेलं बांधकाम दुसरीकडे विकता येतं, पण एकट्या म्हाताऱ्या मालकाने ते कागद कसे फिरवायचे? मुद्दा तिथे लावून धरायला हवा.

गिरगावात_नवीन
आजींचं वाचून गलबलून आलं. मीसुद्धा पहिल्या आठवड्यात न विचारता दारांचे फोटो काढलेत, ते आज डिलीट केले. पण येणं बंद करा असं मी अजूनही म्हणणार नाही. कोणी बघितलंच नाही तर घर पडल्याचं शेजारच्या रस्त्यालाही कळत नाही. लहान गट यावेत, वाडीतल्याच माणसाने फिरवावं आणि त्याचे पैसे घरांच्या दुरुस्तीला जावेत.

जुना_गिरगावकर
वॉकच्या पैशात एक वासासुद्धा येणार नाही ताई.

वाडीतली_मुलगी
वासा नाही येणार दादा, पण कौलं येतील. वाडीतल्याच माणसाने फिरवलं तर आजीला कोणी आत पाठवणार नाही, माझ्यासाठी तेवढंही खूप आहे. घर विकायचं आमच्यात कोणाच्या मनात नाही, आजी आहे तोवर तर विषयच नाही. बाकी यंदा आमचा शाकारणारा माणूस गावाला गेलाय तो परत येणार नाही म्हणतो, आणि मे अर्धा संपला. तुमच्या मित्राकडे कोण येतो?

जुना_गिरगावकर
पेणहून बापलेक येतात, हात चांगला आहे. आज रात्री मित्राला विचारतो, याच आठवड्यात पाठवायला सांगतो. कौलं किती फुटलीत ते मोजून ठेवा.