[मंडळ-चर्चा] कार लोन नाकारलं, आता फुकट रिपोर्ट?

प्रेषक: नवा भिडू, एडिसन

नमस्कार मंडळी,

मंडळात नवीन आहे. गणपतीत आरतीला पेटीवर होतो तो मीच. पुण्याहून इथे अमेरिकेत येऊन अकरा महिने झाले. गेल्या आठवड्यात सेकंडहँड गाडीसाठी लोनचा अर्ज केला. डीलर हसत आत गेला आणि तोंड पाडून बाहेर आला. काल बँकेचं पत्र आलं. कारणं दोन: क्रेडिटचा इतिहास फार छोटा, आणि एका खात्यावर पैसे उशिरा भरलेले.

पहिलं मान्य. तिकडे सिबिल ८०० च्या आसपास होता, पण इथे त्याला कोण विचारतो! दुसरं मात्र कळेना. माझं इथे एकच कार्ड, तेही ऑटो-पेवर. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात '६० दिवसांत मोफत रिपोर्ट' असं काहीतरी लिहिलंय. खरंच मोफत असतं, की कार्ड नंबर घेऊन दर महिन्याला पैसे कापत बसतात? आणि रूममेट म्हणतो, रिपोर्ट मागवला की स्कोअर आणखी पडतो. कुणाला अनुभव?

---

प्रेषक: कर्जखात्यातले काका (निवृत्त)

अरे, आधी ते पत्र फ्रिजवर मॅग्नेटने लाव. अशी पत्रं पाठवण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं, आणि लोक ती वाचायच्या आधीच रागाने फाडतात. नकारापेक्षा त्यातला खालचा मजकूर कामाचा असतो.

१९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे, तुझा रिपोर्ट (म्हणजे तुझ्या कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंदवही) बघून कुणी नाही म्हटलं तर त्याला सांगावंच लागतं की रिपोर्ट कुठल्या ब्युरोकडून, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, घेतला. त्या ब्युरोचं नाव, पत्ता, फोन पत्रात असतो. स्कोअर वापरला असेल तर तो आकडाही द्यावा लागतो, २०११ पासून. शिवाय 'निर्णय ब्युरोने घेतलेला नाही' असं एक वाक्य असतं. म्हणून ब्युरोला फोन करून 'मला लोन का नाही दिलंत' म्हणून भांडू नकोस, ते कारण बँकच सांगणार.

पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या ब्युरोकडून रिपोर्ट मोफत. कार्ड नंबर मागितला तर समज, चुकीच्या दारात उभा आहेस. हा हक्क त्या एकाच ब्युरोपुरता. पण इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन या तिघांचेही रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर आता दर आठवड्याला फुकट मिळतात, ते वेगळं. मग पत्र कशाला, असं विचारशील. एक तर बँकेने नेमकं कुठलं पान वाचलं ते त्यावरून कळतं. दुसरं, वादाची मुदत. त्या सामायिक साइटवरून काढलेल्या रिपोर्टवर हरकत घेतलीस तर ब्युरोला तपासाला ४५ दिवस मिळतात. पत्राच्या आधारे थेट ब्युरोकडून घेतलेल्या रिपोर्टवर साधारण ३०. गाडी अडली असेल तर हे १५ दिवस थोडे नाहीत.

ऑनलाइन ओळख पटवताना 'तुमच्या जुन्या लोनचा हप्ता किती होता' असले प्रश्न येतात. तुझं जुनं लोनच नाही, तेव्हा साइट तुला बाहेर काढण्याची शक्यता दांडगी. वैतागू नकोस. ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स लावून पोस्टाने माग.

रूममेटला सांग, स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअरला धक्का लागत नाही. बँकेने अर्जासाठी बघितला तर नोंद होते, ती दोन वर्षं दिसते. म्हणून चिडून आणखी चार ठिकाणी अर्ज टाकू नकोस. रिपोर्ट आला की आधी वैयक्तिक माहितीचं पान वाच: नाव, पत्ते, नोकरीची कंपनी. आपली भानगड बहुतेक तिथेच असते.

---

प्रेषक: मराठी शाळेतली ताई

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. लोन मिळालं पण दर चढा लावला, तरी तशा पत्रावर मोफत रिपोर्ट मागता येतो. आम्हाला अपार्टमेंट देताना रिपोर्ट बघून जास्त डिपॉझिट मागितलं, तेव्हाही असंच पत्र आलं होतं. नाकारलं तरच हक्क असतो असं मी समजत होते, त्यामुळे ते सरळ रीसायकलिंगच्या डब्यात गेलं.

आणि हो, नावं तपास रे. ह्यांच्या एका कार्डावर मधलं नाव म्हणून सासऱ्यांचं पूर्ण नाव आहे, दुसऱ्यावर नुसतं अक्षर, तिसऱ्यावर काहीच नाही. एकाच माणसाचे तीन अवतार!

---

प्रेषक: नवा भिडू, एडिसन (सहा आठवड्यांनी)

काका, साइटने खरंच बाहेर काढलं. पोस्टाने मागवला. वैयक्तिक माहितीच्या पानावर दोन पत्ते: एक माझा, दुसरा आमच्याच कॉम्प्लेक्समधला, मी कधी न राहिलेला. खाली एका स्टोअरचं कार्ड, २०१९ चं. तेव्हा मी पुण्यात सबमिशन लिहीत होतो! माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा कुणीतरी. उशिराचे हप्ते त्याचे.

पासपोर्ट, व्हिसा आणि अमेरिकेत आल्याच्या तारखेचा पुरावा जोडून हरकत पाठवली, रजिस्टर्ड पोस्टाने. २६ व्या दिवशी उत्तर आलं, ते खातं काढलं. दुसरा पत्ताही गेला.

---

प्रेषक: कर्जखात्यातले काका (निवृत्त)

शाब्बास. आता ब्युरोला एक ओळ लिही: गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी माझा रिपोर्ट घेतला त्यांना दुरुस्त प्रत पाठवा. सांगितलंस तर ते पाठवतात, आपणहून नाही. बाकीच्या दोन ब्युरोंचेही काढ, तुझा नामबंधू तिथेही मुक्कामाला असेल. आणि त्याचं दार वाजवायला जाऊ नकोस.

---

प्रेषक: नवा भिडू, एडिसन

दुसरीकडे सापडला, तिसरीकडे नाही. बँक म्हणते, छोट्या इतिहासाचं कारण अजून उभंच आहे, आणखी काही महिन्यांनी या. तोपर्यंत शनिवारी मराठी शाळेकडे कुणाची गाडी जात असेल तर एक सीट हवी आहे. पेटी मांडीवर धरून बसेन.