एस्किमो लोक नुसतं मांस खाऊन जगतात म्हणे, हे कितपत खरंय?

पेठेतला_थोरला
मंडळी जरा सल्ला पाहिजे. धाकटा भाऊ 22 वर्षाचा, आधी तालमीत जायचा आता जिमला जातोय आणि तिथल्या ट्रेनरनं डोक्यात भरवलंय की एस्किमो लोक हजारो वर्षं नुसतं मांस खातात, त्यांना हार्ट अटॅक माहीतच नाही. झालं, वीस दिवस भाकरी बंद, भात बंद, भाजीला हात नाही. सकाळी सहा अंडी आणि दोन टाईम मटण, तेपण चरबी खरडून काढून. रविवारी पांढरा रस्सा केलता, त्यात काजू खसखस हाय म्हणून वाटी बाजूला सारली. आईनं पळी आपटली आणि आत निघून गेली. पोट साफ होत नाही, चिडचिड करतोय, सारखं मळमळतंय म्हणतोय. खरंच ते लोक असंच खातात का?

आहारवाली_ताई
दादा आधी एक सांगते, एस्किमो हा शब्द तिकडे कॅनडात अपमानास्पद धरतात, इनुइट म्हणायचं.

मांस खातात हे खरंय, पण तुमचा भाऊ खातोय तसं नाही. सील, वॉलरस, देवमासा, कॅरिबू म्हणजे रेनडियर, आर्क्टिक चार नावाचा मासा, आणि उन्हाळ्यात मिळतील तेवढी बेरी. त्यातलं बरंचसं कच्चं किंवा गोठलेलं, आणि चरबी भरपूर. नारव्हाल देवमाशाची चरबीसकट कातडी, मक्ताक म्हणतात तिला, ती कच्ची चावून खातात. तिच्यात 100 ग्रॅमला 36 मिलिग्रॅमच्या आसपास सी व्हिटॅमिन असतं. शिजवलं की ते बरंच जातं. आपण कुकरला पाच शिट्ट्या देतो, मग काय उरणार त्यात.

चरबी काढून खातोय हेच तर सगळ्यात वाईट. स्टेफान्सन नावाचा एक संशोधक इनुइटांबरोबर राहिलेला, त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं 1928 ला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीखाली वर्षभर मांसावर राहण्याचा प्रयोग सुरू केला. सुरुवातीला मुद्दाम त्याला बिनचरबीचं मांस दिलं तर दोन-तीन दिवसांत जुलाब आणि अस्वस्थपणा. मग चरबीचं मांस आणि भेजा खाल्ल्यावर गडी ठीक झाला. भावाची मळमळ कशामुळं ते डॉक्टर बघतील, दाखवून घ्या.

हार्ट अटॅकचं म्हणाल तर 1970 च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडमध्ये अभ्यास केला, त्यातनं हे सगळीकडे पसरलं. पण त्यांनी बघितलं ते रक्तातली चरबी आणि खाणं, हृदयरोग किती जणांना आहे हे त्यांनी स्वतः तपासलंच नव्हतं. 2014 मध्ये जुनी माहिती परत चाळली तेव्हा हृदयरोग इतरांइतकाच निघाला, पक्षाघातानं मरणारे तर जास्तच. शिवाय 2015 मध्ये कळलं की ग्रीनलँडच्या इनुइटांचे चरबी हाताळणारे जीन्सच वेगळे झालेत. ते तुमच्या भावात कुठनं येणार?

वाट्याचं_मटण
आमचं मटणाचं दुकान, त्यामुळं बोलतो. नुसती मांडी खाणारा हा नवीन गिऱ्हाईक हाय लगा. जुनी माणसं वजडी, काळीज म्हणजे लिव्हर, रक्ती, मुंडी काय सोडायची न्हाईत. त्या लोकांचंबी तसंच असणार, काळीज मेंदू सगळं खातात, कॅरिबूच्या पोटातलं अर्धं पचलेलं गवतसुद्धा खायचे असं वाचलंय. फक्त पांढऱ्या अस्वलाचं काळीज न्हाई, त्यात ए व्हिटॅमिन इतकं असतंय की माणूस आजारी पडतोय. आणि सील मारला की शिकारी एकटा खात न्हाई, घराघरात वाटे जातात. आपल्याकडं गावात बकरं पाडून वाटं घालत्यात तसंच की! (आपल्यात पैसं द्यावं लागतंय एवढाच फरक)

टोरांटोकर_करवीर
मी टोरांटोजवळ राहतो, तिकडं वर नुनावुतला (कॅनडाच्या उत्तरेतला इनुइटांचा प्रदेश) गेलेलो नाही पण बातम्या सारख्या असतात. ट्रेनरला सांगा की आता तिथली पोरं नूडल्स, चिप्स आणि कोल्ड्रिंकपण खातात. नुनावुतच्या गावांना दक्षिणेतनं रस्ताच नाही, माल विमानानं किंवा उन्हाळ्यात जहाजानं. दुकानातला भाव बघून डोळे फिरतात, 2012 ला लोक भावाविरोधात दुकानांसमोर उभे राहिले होते. सरकारी अनुदान आहे तरी ही गत. 2007-08 च्या पाहणीत नुनावुतच्या जवळपास 70 टक्के इनुइट घरांत पोटापुरतं अन्न मिळायची खात्री नव्हती.

मग शिकार करा म्हणाल, तर स्नोमोबिलला पेट्रोल, काडतुसं, सगळ्याला रोख पैसा लागतो. तो सीलच्या कातड्यातनं यायचा. युरोपनं 2009 ला सीलच्या मालावर बंदी घातली, इनुइटांना सूट दिली पण बाजारच बसला तर सूट घेऊन काय करायचं. त्यात दक्षिणेतल्या कारखान्यांचा पारा वाऱ्या-पाण्यानं वर जाऊन माशा-सीलमध्ये साठतो. 2012 ला तिथल्या आरोग्य खात्यानं मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सांगितलं, सीलचं मांस खा पण काळीज नको. प्रदूषण केलं कुणी आणि काळीज सोडायचं कुणी!

पेठेतला_थोरला
सगळ्यांना धन्यवाद, ताई तुमचं वाचून दाखवलं. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. भाऊ म्हणाला मग मी खऱ्या इनुइटासारखं खातो. म्हणून आज दुकानातनं वजडी आणि रक्ती आणली, आईनं परतून ताटात वाढली. वास घेतला आणि शी म्हणून उठला. आत्ता स्वयंपाकघरात दही-भाकरी खातोय, मी काय बोललो नाही.