मदत हवी आहे: ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार करारांच्या बातम्या आणि नेत्यांची विधानं कितपत खरी धरायची?

नमस्कार मंडळी,

मी लेस्टरला राहते. भारतातून मसाले, पापड, लोणची आणि थोड्या कोल्हापुरी चपला मागवून इथल्या मराठी-गुजराती घरांत विकते. धंदा लहान आहे, पण घर त्यावर चालतं. माझा मामेभाऊ कोल्हापुरात चपला बनवतो. २४ जुलै २०२५ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, तेव्हापासून तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर कात्रणं पाठवतोय. एकात पादत्राणांवरची जकात शून्य, एकात गोव्याची फेणी आणि नाशिकची वाईन लंडनच्या दुकानांत, एकात मंत्र्यांचं भाषण. त्याचा प्रश्न सरळ आहे: "ताई, कर्ज काढून कारागीर वाढवू का?"

मला त्याला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. २०१६च्या सार्वमतापासून व्यापार करारांबद्दल इथे जे छापून आलं, त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून इथे विचारते आहे.

हा एका पक्षाचा प्रश्न नाही, हे आधीच सांगते. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं की ब्रिटन संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो. ब्रिटिश सांख्यिकी प्राधिकरणाने २०१६मध्ये त्या आकड्याला दिशाभूल करणारा म्हटलं आणि २०१७मध्ये बोरिस जॉन्सन यांना त्यावरून पत्रही लिहिलं. राहा म्हणणारेही मागे नव्हते. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी दर घरामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा तोटा सांगितला. तो आकडा कुठल्याही घराच्या उत्पन्नाचा नव्हता. २०३०मध्ये अर्थव्यवस्था जितकी लहान राहील असा अंदाज होता, त्या रकमेला घरांच्या संख्येने भागलं होतं. ऐकणाऱ्याला मात्र वाटलं, आपल्या पगारातून इतके जाणार.

नेत्यांच्या विधानांनी तर मी जास्तच गोंधळते. जुलै २०१७मध्ये तेव्हाचे व्यापारमंत्री लियाम फॉक्स रेडिओवर म्हणाले की युरोपीय संघाशी होणारा करार मानवी इतिहासातल्या सर्वांत सोप्या करारांपैकी एक असायला हवा. लोकांच्या तोंडी राहिलं ते "सर्वांत सोपा करार" एवढंच. पूर्ण बोलणं वाचलं तर त्यांनी कारणही दिलं होतं (दोन्हीकडे जकात आधीच शून्य, नियमही सारखे) आणि राजकारण अर्थकारणाच्या आड आलं तरच अडेल, असंही म्हटलं होतं. म्हणजे अर्धं वाक्य उचलून त्यांच्यावर अन्याय झाला का? की पूर्ण वाक्यसुद्धा भाबडंच होतं? मला दोन्ही वाटतं, आणि इथेच मी अडते.

दुसरं उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं. एप्रिल २०२२मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन दिल्लीत म्हणाले की भारताशी करार दिवाळीपर्यंत होईल. ती दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. त्याच ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन व्हिसा संपूनही राहणाऱ्या भारतीयांबद्दल बोलल्या आणि लगेच निनावी सूत्रांच्या हवाल्याने करार मोडीत निघाल्यासारख्या बातम्या आल्या. करार मोडला नाही आणि दिवाळीत झालाही नाही. वाटाघाटी संपल्याची घोषणा ६ मे २०२५ला झाली, तेव्हा पंतप्रधानपदी स्टार्मर होते. म्हणजे आशेची बातमीही फसली आणि निराशेचीही.

आणि ऑस्ट्रेलिया. २०२१मध्ये सरकारने या कराराचं केवढं कौतुक केलं. तेव्हा कृषी आणि पर्यावरण खातं सांभाळणारे जॉर्ज युस्टिस नोव्हेंबर २०२२मध्ये, मंत्रिपद गेल्यावर, संसदेत उभे राहून म्हणाले की हा करार खरं तर ब्रिटनसाठी फारसा चांगला नाही. माणूस तोच, करार तोच. मी कुठल्या युस्टिसवर विश्वास ठेवायचा?

तर माझी विनंती: ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी सांगावं, अशी बातमी समोर आली की तुम्ही आधी काय तपासता? मूळ मजकूर कुठे वाचता? आणि भावाला मी काय उत्तर देऊ? मागचा आठवडा मी याच विचारात आहे, कारण कर्ज त्याच्या घरावर निघणार आहे.

—

प्रतिसाद

ताई, मी बर्मिंगहॅमला कस्टम क्लिअरन्सच्या कामात आहे, म्हणून चपलांपासून सुरुवात करतो.

भारतीय बातम्यांत चामडं आणि पादत्राणांसाठी १६ टक्क्यांवरून शून्य असं छापलं गेलं. त्यातला "पर्यंत" हा शब्द बऱ्याच ठिकाणी गळला. १६ ही वरची मर्यादा आहे, प्रत्येक चपलेला ती लागत नाही. जगभर मालाला सहा आकडी कोड असतो आणि ६४०३२० हा कोड वाचाल तर चकित व्हाल: चामड्याचा तळ, पावलावरून आणि अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे. कोल्हापुरी चप्पलच ती! ब्रिटिश सरकारचं जकात शोधायचं पान फुकट आहे. तिथे हा कोड आणि भारत हा देश टाका, आज किती जकात लागते ते दिसेल. मग भावाचा खरा फायदा किती ते कळेल. तुमचे कारागीर रबरी तळ लावत असतील तर कोड बदलतो, हेही त्याला सांगा.

आता बातम्यांबद्दल. आकडा दिसला की मी एकच विचारतो: कशाच्या तुलनेत? ऑक्टोबर २०२०मध्ये ब्रिटनच्या व्यापार खात्याने ट्विट केलं की जपानशी केलेल्या करारामुळे सोया सॉस स्वस्त होणार. पण युरोपीय संघ आणि जपान यांच्या करारामुळे त्या सॉसवर तेव्हाही जकात शून्यच होती. मग खात्याने खुलासा केला की करार झाला नसता तर जी जकात बसली असती, तिच्या तुलनेत स्वस्त. शब्दशः खोटं कुणी बोललं नाही, पण बाजारातला ग्राहक कालच्या किमतीशी तुलना करतो. साठांहून जास्त देशांशी करार केले, हा दावाही असाच. त्यातले बहुतेक युरोपीय संघाचे जुने करार पुढे चालू ठेवलेले होते. ते टिकवणं हेही मोठं काम होतं, नवीन मिळकत म्हणून मात्र ते मोजता येत नाही.

सरकार स्वतःच प्रत्येक कराराचा परिणाम-अंदाज छापतं आणि तो भाषणांपेक्षा खूप सौम्य असतो. दीर्घ मुदतीत अर्थव्यवस्थेत भर जपानच्या कराराने ०.०७ टक्के, ऑस्ट्रेलियाच्या ०.०८ टक्के, भारताच्या ०.१३ टक्के, म्हणजे वर्षाला ४.८ अब्ज पौंड. उलट बाजूने, ब्रेक्झिटमुळे उत्पादकता चार टक्क्यांनी कमी राहील हा ओबीआर या अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाज काही वर्तमानपत्रं "चार टक्के बुडाले" असा छापतात. तोही दीर्घ मुदतीचा आहे आणि युरोपीय संघात राहिलो असतो तर काय झालं असतं, त्याच्याशी केलेली तुलना आहे.

युस्टिस यांच्याबद्दल माझं मत: तुम्ही दोन्ही वेळी त्यांनाच ऐकलंत, पण मंत्री असताना मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीमुळे त्यांना वेगळं बोलता येत नव्हतं. खुर्ची गेल्यावर त्यांनी हेही सांगितलं की जून २०२१च्या जी-सेव्हन बैठकीच्या आत करार उरकायची मुदत तेव्हाच्या व्यापारमंत्री लिझ ट्रस यांनी घातली आणि त्यामुळे ब्रिटनची बाजू पडती झाली. दिवाळीच्या मुदतीचंही तेच. राजकीय नेता तारीख जाहीर करतो तेव्हा समोरच्या देशाला कळतं की घाई कुणाला आहे. म्हणून पदावरच्या मंत्र्याचं विधान मी सरकारची भूमिका म्हणून वाचतो, साक्ष म्हणून नाही. साक्ष हवी तर संसदेच्या व्यापार समितीसमोर शेतकरी आणि उद्योजक काय बोलले ते वाचा. संसदेतलं बोलणं जवळजवळ शब्दशः हॅन्सार्ड या अधिकृत नोंदीत मिळतं, आणि हाउस ऑफ कॉमन्स लायब्ररीच्या टिपणांइतकं स्वच्छ लिखाण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

—

प्रतिसाद

वरच्यात थोडी भर. एकाच कलमाची बातमी दोन्ही देशांत वाचून बघा. मे २०२५मध्ये तात्पुरत्या बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षं नॅशनल इन्शुरन्समधून (पगारावरच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतून) सूट, हे कलम भारतात मोठा विजय म्हणून छापलं गेलं. इथे विरोधकांनी ब्रिटिश कामगारांवर अन्याय म्हणून ओरड केली. कलम दोन्ही बाजूंना सारखं लागू आहे, कर्मचारी आपल्या देशात वर्गणी भरतच राहतो, आणि अमेरिका, जपान, दक्षिण कोरियाशी ब्रिटनची अशी व्यवस्था आधीपासून आहे. दोन्ही देशांच्या मथळ्यांतून यातलं काहीच कळत नव्हतं, बातमीच्या खालच्या परिच्छेदांत होतं.

शिवाय करार नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. तत्त्वतः सहमती, वाटाघाटी पूर्ण, सह्या, संसदेची मंजुरी, अंमल: वर्तमानपत्रं यातल्या प्रत्येक टप्प्याला "करार झाला" म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या करारावर डिसेंबर २०२१मध्ये सह्या झाल्या आणि अंमल ३१ मे २०२३ला सुरू झाला. बँकेचा हप्ता मात्र कर्ज उचललं की सुरू होतो.

—

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ६४०३२० वाचून भावाला लगेच फोन केला. त्याच्याकडे दोन्ही तळांच्या चपला होतात, त्यामुळे आता तो कुठला माल वेगळा काढायचा ते बघतोय. कर्जाचं सध्या थांबवलं आहे. आधी एक लहान खेप मागवते.

अजून एक शंका आहे. डब्लिनला, म्हणजे युरोपीय संघातल्या आयर्लंडमध्ये, माझी काही गिऱ्हाइकं आहेत. २४ डिसेंबर २०२०ला जॉन्सन म्हणाले होते की युरोपशी जकात नसेल आणि जकातीव्यतिरिक्तचे अडथळेही नसतील. पण शून्य जकात फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात तयार झालेल्या मालाला आहे, इथे नुसता खोका बदललेल्या भारतीय मालाला नाही, आणि कागदपत्रं तर प्रत्येक खेपेला लागतात. मग आयर्लंडसाठीच्या चपला लेस्टरमार्गे न आणता कोल्हापूरहून थेट पाठवणं स्वस्त पडेल का? आणि मूळस्थानाचा दाखला कोल्हापुरात कुणी काढून घेतला असेल, तर त्याला काय काय जोडावं लागतं ते कृपया इथे लिहा.