याकुपोव्ह: ब्याद टळली की माती केली?

जुना_ऑइलर: काल इथे कोणीतरी लिहिलंय, 'याकुपोव्ह गेला, ब्याद टळली.' ब्याद? आइस हॉकीतल्या आपल्या एडमंटन ऑइलर्सचा 2012चा पहिला पिक, म्हणजे एनएचएल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यांत आधी उचललेला. पहिल्याच हंगामात 48 सामन्यांत 17 गोल, नवख्यांत सर्वाधिक. मग कोच क्रूगर गेला, ईकिन्स आला-गेला, नेल्सन, मॅकलेलन. चार वर्षांत चार कोच, प्रत्येकाचं तंत्र वेगळं! शेवटी ऑक्टोबर 2016 मध्ये सेंट लुइसच्या संघाला दिला, बदल्यात पोचिरो नावाचा खेळाडू आणि तिसऱ्या फेरीचा पिक. रद्दीवालासुद्धा याहून बरा भाव देतो.

बर्फाळ_बंड्या: ते मीच लिहिलंय. आकडे अर्धेच का सांगता? एडमंटनकडून 252 सामने, 50 गोल. सेंट लुइसला 40 सामन्यांत 3. तिथेही क्रूगरच आडवा आला का? पक (खेळातली चकती) गेला की मागे पळायचा कंटाळा. लायकीप्रमाणे भाव मिळाला.

रिंकवाली_आई: कंटाळा कशाला म्हणता? माझा मुलगा बारा वर्षांचा. नव्या कोचने त्याची जागा बदलली, तेव्हापासून बेंचवर. उणे पंचवीसमध्ये पहाटे साडेपाचच्या सरावाला मी नेते. परवा गाडीत म्हणाला, "आई, स्केट्स विकून टाक."

बर्फाळ_बंड्या: ताई, वाईट वाटलं. पण त्याला कोणी लाखो डॉलर देत नाही ना.

रिंकवाली_आई: देत नाही, घेतात! पावत्या पाठवू? आणि ताई म्हणून गप्प बसवू नका.

पोह्यात_बटाटा: आमच्याकडे पण हेच. मुलगी गोली (गोलरक्षक), पॅड्सच्या खर्चात भारतवारी झाली असती.

रिंकवाली_आई: जुने पॅड्स कुठे मिळतात? व्यनि (खासगी निरोप) करा.

कॅल्गरीकर: भांडा, आमची फुकट करमणूक. खरी माती राइनहार्टमध्ये खाल्लीत. 2012चाच चौथा पिक. 2015ला त्याच्यासाठी न्यूयॉर्क आयलँडर्सना 16वा आणि 33वा पिक दिलात. तुमच्याकडे खेळला 29 सामने. त्या 16व्यावर आयलँडर्सनी बार्झल घेतला: 2018ला 85 गुण, काल्डर (सर्वोत्तम नवख्याचा करंडक).

जुना_ऑइलर: त्याचं नाव या धाग्यावर काढायचं नाही. आणि कॅल्गरीच्या, आमच्या हाडवैऱ्यांच्या, माणसाने तर अजिबातच नाही.

बर्फाळ_बंड्या: बरं, चार कोच जास्त झाले. तेवढंच मान्य. पण माझा राग वेगळाच आहे. जानेवारी 2013, लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध 4.7 सेकंद उरलेले, याकुपोव्हने बरोबरी केली आणि गुडघ्यांवर घसरत सुटला. मीही इथे हॉलमध्ये घसरलो. लाकडी फरशीवर. त्याला बर्फ तरी होता. माझा डावा गुडघा अजून दुखतो.