लेसर करून चष्मा घालवावा का? बजेट ४० हजार

पावसाळी_चष्मा: वय २७, पुणे. नंबर उजवा -५.५, डावा -५, थोडा सिलिंडरचा नंबरही. दोन वर्षं नंबर हललेला नाही. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी स्कूटर. पावसात काचेवर थेंब बसले की समोरच्या गाडीचा एक दिवा चार होऊन येतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या की दुपारपर्यंत डोळे लाल. लेसरच्या तीन पद्धती ऐकल्यात: लेसिक, स्माईल की पीआरके? दोन्ही डोळ्यांचे मिळून ४० हजार, त्यावर एक रुपया नाही.

बोकोबा: स्माईल कर, डोळे झाकून. छोटासा छेद, लेसिकसारखा फ्लॅप नाही, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक थर कापून झाकणासारखा उचलत नाहीत. मी दोन दिवसांत ऑफिसला. लाखाच्या आसपास गेले, पण डोळ्यांपुढे पैसा काय!

पावसाळी_चष्मा: ४० म्हटलंय हो.

सातारकर_काका: बाळ, मी ४८ वर्षांचा, नंबर -३. पेपर वाचताना चष्मा काढून ठेवतो, अक्षर न् अक्षर दिसतं. मेव्हण्याने ३९व्या वर्षी लेसर केलं, आता जेवणाचं बिल वाचायलाही चष्मा शोधतो. चाळिशी लेसरने चुकत नाही.

बोकोबा: काका, ती २७ची आहे.

सातारकर_काका: म्हणून तर आत्ता सांगतोय.

निळाई: माझं लेसिक झालंय. नंबर गेला तो गेलाच, तक्रार नाही. पण डोळे कोरडे पडले ते पडलेच, एसीत बसलं की वाळू गेल्यासारखं होतं, थेंबांची बाटली पर्समध्ये कायमची. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसायची, ती काही महिन्यांत कमी झाली. तुमचे डोळे लेन्सने लाल होत असतील तर आधी कोरडेपणा तपासा. पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रू मोजतात.

खडूस: सगळे आपापलं मशीन विकतायत. आधी कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, जाडी आणि आकार बघा, त्याची तपासणी म्हणजे पेंटाकॅम. त्याआधी सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर बंद, नाहीतर आकार चुकीचा येतो. केराटोकोनसचा, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगण्याच्या आजाराचा, संशय निघाला तर लेसिकचं नाव काढू नका, तो आणखी फुगत जातो. मला एकाने याच कारणाने नकार दिला, दुसऱ्याने तेच रिपोर्ट बघून 'करू की' म्हटलं. मी उठून आलो. आणि डोळ्याच्या मागचा पडदाही दाखवा. लेसरने नंबर जातो, मायनसवाल्यांच्या पडद्याला असलेला धोका जात नाही.

बोकोबा: मेडिक्लेममधून करा ना.

खडूस: ७.५ च्या खालच्या नंबरला साध्या पॉलिसीत मिळत नाही.

बोकोबा: माझ्या मित्राला मिळाला.

खडूस: कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल. मित्राला विचारून सांगा.

सातारकर_काका: आमच्या वेळी गाजर खायला सांगायचे.

पावसाळी_चष्मा: पेंटाकॅम झालं. आकार व्यवस्थित, पडदा ठीक, कोरडेपणा थोडासाच. जाडी मात्र ४९० मायक्रॉन. डॉक्टरांनी कागदावर वजाबाकी करून दाखवली: लेसिकच्या फ्लॅपचे ११०, लेसरने घासले जाणारे ८०च्या आसपास, खाली उरतात ३००. म्हणाले, चालेल, पण हात राखून काम करावं लागेल. पीआरकेत फ्लॅपच नाही, वरचा पातळ थर काढून तिथेच लेसर, त्यामुळे खाली जास्त उरतं. तीन-चार दिवस चांगलंच दुखेल, नजर स्थिरावायला काही आठवडे. खर्च ३५. पीआरके करतेय.

बोकोबा: पीआरके?? अगं, ते जुनं झालं!

निळाई: फ्लॅप नको म्हणून दुखणं विकत घेताय. असो. आत्ताचे रिपोर्ट मात्र जपून ठेवा, पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढायला लागतात.

खडूस: निर्णय वाईट नाही. पीआरकेत कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो, तो टाळायचं औषध, मायटोमायसिन, वापरणार का ते विचारा. आणि उन्हात गॉगल, काही महिने तरी.

पावसाळी_चष्मा: विचारलं, वापरणार आहेत. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकतेय.

सातारकर_काका: दिवाळीत? फटाक्यांच्या धुरात? कुणी सुचवलं हे?

पावसाळी_चष्मा: ...बरं, दिवाळीनंतर. बॉसला परत मेल करते.

बोकोबा: अजून वेळ आहे मग. स्माईलचा विचार कर.